गावच्या सभागृहातला खून

इंग्लंडमधील हौशी रंगभूमी आणि रहस्यकथा यांची गाठ 1920 च्या दशकात पडली. गावोगावच्या नाट्यसंस्था खुनाची नाटके करू लागल्या आणि थोड्याच वर्षांत रहस्यकादंबऱ्यांतले खूनही अशाच संस्थांच्या प्रयोगांत पडू लागले. नाटके निवडली गेली ती मुख्यतः पैशाच्या आणि सोयीच्या हिशोबाने. कादंबऱ्यांचे कारण वेगळे होते. हौशी नाट्यसंस्थेत माणसे एकमेकांचा किती राग राग करू शकतात, हे लेखकांनी जवळून पाहिले होते.

हौसेखातर नाटक करण्याची रीत इंग्लंडमध्ये जुनीच. एकोणिसाव्या शतकात ती बहुतांशी जमीनदारांच्या हवेल्यांत होती. पाहुण्यांनी आणि घरच्या तरुण मंडळींनी दिवाणखान्यात नाटक बसवायचे आणि त्या निमित्ताने प्रेमप्रकरणे जमवायची. जेन ऑस्टिनच्या 1814 सालच्या ‘मॅन्सफिल्ड पार्क’ कादंबरीत अशाच एका नाटकाच्या तालमींवरून घरात केवढे रामायण घडते. शहरांत हौशी संस्था स्थिर झाल्या त्या विसाव्या शतकाच्या आरंभी. स्टॉकपोर्टची गॅरिक सोसायटी 1901 ची, न्यूकॅसलचे पीपल्स थिएटर 1911 चे. न्यूकॅसलची संस्था समाजवादी कार्यकर्त्यांच्या गटातून निघाली होती. नॉरिचला न्यूजंट मंक यांनी 1921 साली एका जुन्या प्रार्थनामंदिरात शेक्सपिअरकालीन धाटणीचे मॅडरमार्केट थिएटर उभारले. तिथले नट हौशी होते आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यांची नावे छापली जात नसत.

खेड्यांपर्यंत हे लोण पोचले ते पहिल्या महायुद्धानंतर. युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ अनेक गावांनी सभागृहे बांधली. काही ठिकाणी लष्कराच्या जुन्या लाकडी बराकीच आणून उभ्या केल्या. एका टोकाला हातभर उंचीचा मंच, समोर घडीच्या खुर्च्या, मागे चहाची खोली अशी त्यांची साधारण रचना असे. याच सभागृहांत स्त्रियांची मंडळे भरू लागली. ब्रिटनमधले पहिले विमेन्स इन्स्टिट्यूट 1915 साली वेल्समधल्या अँगलसी बेटावर निघाले होते. युद्धानंतर ही मंडळे गावोगाव पसरली आणि मुरंबे, विणकाम यांच्या जोडीला नाटकेही करू लागली. डेव्हनमधल्या केली या गावच्या मेरी केली यांनी ग्रामीण नाटकासाठी व्हिलेज ड्रामा सोसायटी काढली. तिच्यामार्फत गावांना नाटकाचे कपडे भाड्याने मिळत आणि सल्लाही मिळे.

याच सुमारास वरच्या पातळीवरही हालचाल चालू होती. युद्धकाळात केंट परगण्यातल्या क्रेफर्ड येथे दारूगोळ्याच्या कारखान्यातले कामगार मिळून नाटक वाचताना जेफ्री व्हिटवर्थ यांनी पाहिले आणि ते भारावून गेले. 1919 साली त्यांनी ब्रिटिश ड्रामा लीगची स्थापना केली. लीगने नाटकांचे ग्रंथालय उभारले, दिग्दर्शनाचे वर्ग घेतले, एकांकिकांच्या देशव्यापी स्पर्धा सुरू केल्या. हौशी रंगभूमीने जनतेची अभिरुची घडवावी, शॉ आणि इब्सेन करावेत, काव्यनाट्य करावे, अशी या सुधारकांची अपेक्षा होती. गावच्या समितीपुढचा प्रश्न निराळा होता. सभागृहाचे छप्पर गळत होते आणि तिकिटे खपायला हवी होती. म्हणून स्पर्धेला काव्यनाट्य जाई आणि छपरासाठी खुनाचे नाटक लागे. सुधारकांना याचे वाईट वाटले, पण चळवळ जगली ती बरीचशी या दुसऱ्या प्रकाराच्या उत्पन्नावर, असेच म्हणावे लागते.

खुनाचे नाटक गावाला का परवडे, हे समजायला सॅम्युएल फ्रेंच या प्रकाशनसंस्थेचे काम पाहावे लागते. सॅम्युएल फ्रेंच हे मूळचे अमेरिकन. 1872 साली त्यांनी लंडनच्या थॉमस हेल्स लेसी यांचा नाट्यप्रकाशनाचा धंदा विकत घेतला आणि पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ इंग्रजी हौशी नाटकाचा पुरवठा बहुतांशी याच घरातून झाला. त्यांच्या पातळ कागदी पुस्तकात नाटकाच्या संहितेबरोबर बाकी सारा संसारही मिळे. दारे, खिडक्या, शेकोटी, सोफा कुठे ठेवायचा याचा नकाशा असे. अंकवार सामानाची यादी असे. दिवे कधी मंद करायचे आणि पात्राने कोणत्या वाक्याला खुर्चीवरून उठायचे, हेही छापलेले असे. दर प्रयोगाचे मानधन ठरलेले असे, प्रेक्षक पन्नास येवोत की तीनशे. ज्याने आधी कधी नाटक बसवले नाही अशा शाळामास्तराला किंवा डॉक्टरच्या बायकोला हे पुस्तक हातात धरून प्रयोग उभा करता येई. मात्र एका संस्थेचे ‘दार डावीकडे’ ते साऱ्या देशात डावीकडेच राहिले.

या गणितात रहस्यनाटक चपखल बसले. त्याला नेपथ्य एकच लागते, बहुधा हवेलीचा दिवाणखाना किंवा वकिलाची अभ्यासिका. बर्फ, पूर किंवा तुटलेला पूल यांमुळे पात्रांना बाहेर जाता येत नाही, त्यामुळे दुसरा देखावा रंगवावा लागत नाही. पात्रे आठ ते दहा असतात आणि जवळजवळ सगळ्यांना सारखे काम असते, कारण संशय सगळ्यांवर यायचा असतो. हौशी संस्थेत ही फार मोठी सोय. ‘मला दोनच वाक्ये दिली’ ही तक्रार कमी होते. वयस्क स्त्रियांना भूमिका मिळतात, आणि संस्थेत त्यांचीच संख्या जास्त. अभिनयात चूक झाली तरी खपते, कारण अडखळणारा नट प्रेक्षकाला संशयित वाटतो. कोरा चहा व्हिस्की म्हणून चालतो, पिस्तुलाचा बार विंगेत काढता येतो आणि मध्यंतरात चहाच्या खोलीत खुनी कोण यावर पैजा लागतात. चहाच्या विक्रीवर त्याचा चांगला परिणाम होई.

सुरुवातीच्या यशस्वी नाटकांत अमेरिकन जॉन विलर्ड यांचे 1922 सालचे ‘द कॅट अँड द कॅनरी’ होते. मृत्युपत्र, वारस आणि एकाकी वाडा हा त्यातला मसाला पुढे शेकडो नाटकांनी वापरला. पण हौशी रंगमंचाचे खरे लाडके ठरले आर्नल्ड रिडली यांचे ‘द घोस्ट ट्रेन’. रिडली बाथचे राहणारे. सॉमच्या लढाईत ते जबर जखमी झाले होते. एकदा ब्रिस्टलजवळच्या मँगट्सफिल्ड स्टेशनात गाडी चुकल्यामुळे त्यांना ताटकळावे लागले. निर्मनुष्य फलाट आणि जवळच्या दुसऱ्या मार्गावरून जाणाऱ्या, न दिसणाऱ्या गाड्यांचा आवाज यांतून त्यांना नाटक सुचले. कॉर्नवॉलमधल्या एका आडवळणी स्टेशनाच्या प्रतीक्षालयात काही प्रवासी रात्रभर अडकतात. स्टेशनमास्तर त्यांना सांगतो की इथून भुताची गाडी जाते आणि तिला पाहणारा जगत नाही. 1925 च्या नोव्हेंबरात हे नाटक लंडनच्या सेंट मार्टिन्स थिएटरात लागले आणि त्याचे सहाशेंवर प्रयोग झाले.

या नाटकातली गाडी प्रेक्षकाला दिसत नाही, फक्त ऐकू येते. ती दुरून येते, स्टेशन हादरवते आणि निघून जाते. हा सगळा खेळ विंगेतल्या माणसांचा. बागेतली जमीन दाबायचा जड रोलर लाकडी पट्ट्यांवरून फिरवला की रुळांच्या सांध्यांचा खडखडाट होई. लोंबकळता पत्रा हलवून गडगडाट काढत, ढोल बडवत, वाफेसाठी दाबलेल्या हवेची नळकांडी सोडत आणि खिडकीपलीकडून दिव्याचा झोत सरकवत. एवढ्या कामाला माणसे पुष्कळ लागत आणि ती सगळी घड्याळाबरहुकूम हलावी लागत. व्यावसायिक कंपनीला हा खर्चाचा भाग. गावात मात्र ज्यांना मंचावर उभे राहायची लाज वाटते अशा लोहार, माळी, शाळकरी पोरांना नाटकात घ्यायची ती उत्तम सबब होती. रोलर गावात होतेच. रिडली पुढे म्हातारपणी ‘डॅड्स आर्मी’ या दूरदर्शन मालिकेतल्या शिपाई गॉडफ्रीच्या भूमिकेने घरोघरी माहीत झाले. या मालिकेतली पलटणही चर्चच्या सभागृहातच कवायत करते.

अगाथा ख्रिस्ती नाटकाकडे वळल्या त्या काहीशा नाराजीतून. ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ या त्यांच्या कादंबरीवरून मायकल मॉर्टन यांनी केलेले ‘अ‍ॅलिबाय’ 1928 साली आले, पण त्यातला त्यांचा गुप्तहेर प्वारो त्यांना आवडला नाही. मग 1930 साली त्यांनी स्वतःच ‘ब्लॅक कॉफी’ लिहिले. 1943 साली त्यांनी ‘अँड देन देअर वेअर नन’ रंगभूमीवर आणले, तेव्हा कादंबरीचा सर्वनाशी शेवट बदलून त्यांनी तो प्रेक्षकाला सोसवेल असा केला. 1949 साली ‘मर्डर अ‍ॅट द व्हिकरेज’चे नाट्यरूपांतर दुसऱ्या दोघींनी केले. त्यात खून पाद्रीबुवांच्या अभ्यासिकेत होतो, म्हणजे प्रेक्षकांतल्या अर्ध्या लोकांनी आतून पाहिलेल्या खोलीसारख्याच खोलीत. 1954 साली ‘द माऊसट्रॅप’, ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्युशन’ आणि ‘स्पायडर्स वेब’ ही त्यांची तीन नाटके लंडनच्या वेस्ट एंडमध्ये एकाच वेळी चालू होती. यांतले ‘विटनेस’ गावाच्या आवाक्याबाहेरचे, कारण त्याला न्यायालय आणि माणसांचा मोठा ताफा लागतो. ‘स्पायडर्स वेब’ मात्र हौशी संस्थांनी उचलून धरले. त्यात एक दिवाणखाना, भिंतीत चोरकप्पा, त्या कप्प्यात प्रेत आणि ते लपवताना यजमानीणबाईंची उडणारी धांदल आहे. भीतीपेक्षा हसू जास्त आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना सहकुटुंब बोलावता येईल असा मामला.

‘द माऊसट्रॅप’ची कथा वेगळीच आहे. राणी मेरी यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त 1947 साली बीबीसीवर सादर झालेली ‘थ्री ब्लाइंड माइस’ ही श्रुतिका तिचे मूळ. 1945 सालच्या एका खऱ्या घटनेची छाया तिच्यावर आहे. सांभाळासाठी दुसऱ्या कुटुंबाकडे ठेवलेल्या डेनिस ओनील या मुलाचा छळामुळे मृत्यू झाला होता. नाटक 6 ऑक्टोबर 1952 रोजी नॉटिंगहॅमला उघडले आणि 25 नोव्हेंबरला लंडनच्या अँबॅसडर्स थिएटरात आले. 1974 साली ते शेजारच्या सेंट मार्टिन्समध्ये हलले, म्हणजे एके काळी ‘घोस्ट ट्रेन’ धावलेल्या रंगमंचावरच. आठ पात्रे, बर्फात अडकलेले एक अतिथिगृह, एकच नेपथ्य. हौशी संस्थेसाठी याहून सोयीचे नाटक शोधून सापडणार नाही. पण लंडनचा प्रयोग चालू आहे तोवर ब्रिटनमधल्या हौशी संस्थांना त्याचे हक्क मिळत नाहीत, आणि लंडनचा प्रयोग थांबायला तयार नाही. कोरोनाच्या साथीत मार्च 2020 मध्ये पडदा पडला, तो 17 मे 2021 रोजी पुन्हा उघडला. भारतीय प्रेक्षकाला ख्रिस्तींचे नाटक भेटले ते बहुधा पडद्यावर, नाव न सांगता: 1973 सालचा बी. आर. चोप्रा यांचा ‘धुंद’ हा त्यांच्या ‘द अनएक्स्पेक्टेड गेस्ट’वर आधारलेला आहे.

कादंबरीकारांनी याच सामग्रीकडे उलट बाजूने पाहिले. रहस्यकादंबरीला मोजकी माणसे, ठरलेली वेळ आणि बंद जागा हवी असते. नाटकाच्या प्रयोगात ती आयती मिळते. कोण कोणत्या क्षणी कुठे होता हे संहितेतच लिहिलेले असते, पण विंगेतल्या अंधाराचा हिशोब कुणाकडे नसतो. शिवाय मंचावर खोटी हत्यारे असतात आणि ती खरी करणे सोपे असते. मायकल इनिस यांच्या 1937 सालच्या ‘हॅम्लेट, रिव्हेंज!’मध्ये एका ड्यूकच्या वाड्यात हौशी मंडळी ‘हॅम्लेट’ करतात आणि पोलोनियसची भूमिका करणाऱ्या लॉर्ड चॅन्सेलरना नाटकात जिथे मरायचे तिथेच खरी गोळी लागते. पण हा वाडा, हे उमराव, ही अवतरणांची पखरण जुन्या जमान्यातली. गावच्या सभागृहाला कादंबरीत आणले ते न्यूझीलंडच्या नाय्यो मार्श यांनी.

मार्श यांचा जन्म क्राइस्टचर्चचा, 1895 चा. तरुणपणी त्या अ‍ॅलन विल्की यांच्या शेक्सपिअर कंपनीबरोबर फिरल्या होत्या आणि पुढे त्यांनी हौशी मंडळींची अनेक नाटके बसवली. 1943 साली कँटरबरी युनिव्हर्सिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना घेऊन आधुनिक वेशात केलेल्या ‘हॅम्लेट’पासून तिथल्या विद्यार्थी रंगभूमीला वेगळेच वळण लागले. 1967 साली क्राइस्टचर्चमधल्या एका नाट्यगृहाला त्यांचे नाव देण्यात आले. पोट मात्र भरले ते इन्स्पेक्टर रॉडरिक अ‍ॅलन यांच्या बत्तीस कादंबऱ्यांनी. ‘एंटर अ मर्डरर’मध्ये नाटकातल्या पिस्तुलात खऱ्या गोळ्या भरल्या जातात. ‘व्हिंटेज मर्डर’मध्ये वाढदिवसाच्या मेजवानीत वरून उतरणारी शँपेनची महाकाय बाटली डोक्यात पडते. दोन्हीकडे व्यावसायिक नटमंडळी आहेत.

1939 सालच्या ‘ओव्हर्चर टू डेथ’मध्ये मात्र त्या खेड्यात आल्या. इंग्लंडमधल्या एका लहान गावात सभागृहासाठी नवा पियानो घ्यायचा आहे, म्हणून नाटक ठरते. कोणते नाटक करायचे यावर समितीत वाद होतात. पाद्रीबुवांच्या भोवती दोन अविवाहित प्रौढा आहेत आणि दोघींचे त्यांच्यावर मन आहे. नाटकाआधी पियानो कुणी वाजवायचा हा त्यांच्यातला मानाचा प्रश्न. जिने वाजवायचे ठरते तिचे बोट ऐनवेळी दुखावते आणि प्रतिस्पर्धी बाई विजयी मुद्रेने बसते. ती रॅखमनिनॉव्हचे प्रसिद्ध प्रील्यूड सुरू करते, पहिले तीन ठोके वाजतात, डावे पेडल दाबले जाते आणि पियानोच्या आतून गोळी सुटून तिच्या कपाळात घुसते. पेडलला दोरी, दोरी खेळण्यातल्या कप्प्यांवरून पिस्तुलाच्या घोड्याला. यंत्रणा मुळात गावातल्या एका खोडकर पोराने पाण्याच्या पिचकारीसाठी जुळवलेली असते. पिचकारीच्या जागी पिस्तूल कुणी ठेवले आणि गोळी नेमकी कुणासाठी होती, हे अ‍ॅलनला शोधायचे असते. समितीच्या बैठकीचे प्रकरण इतके जिवंत उतरले आहे की मार्श यांनी अशा अनेक बैठका काढल्या असाव्यात, याबद्दल शंका उरत नाही. खुनाची युक्ती जरा अतिच आहे. लक्षात राहतात त्या दोन बायका.

दूरदर्शन घरोघरी पोचल्यावर गावच्या नाटकाचा प्रेक्षक रोडावला, तरी संस्था मोडल्या नाहीत. स्वतःची नाट्यगृहे असलेल्या हौशी संस्थांनी 1946 सालीच लिटल थिएटर गिल्ड स्थापून एकमेकींना आधार दिला होता. 1968 च्या कायद्याने लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याची नाटकांवरची सेन्सॉरशिप उठली आणि धीट नाटके करणे सोपे झाले. त्यानंतरच्या कादंबऱ्यांतल्या संस्था त्यामुळे अधिक महत्त्वाकांक्षी दिसतात. सायमन ब्रेट यांच्या 1978 सालच्या ‘अ‍ॅन अ‍ॅमॅच्युअर कॉर्प्स’मध्ये अर्धबेकार व्यावसायिक नट चार्ल्स पॅरिस उपनगरातल्या मंडळींचा चेखव पाहायला जातो आणि तिथले हेवेदावे त्याला आपल्या धंद्यातल्यांहून भयंकर वाटतात. कॅरोलाइन ग्रॅहम यांच्या 1989 सालच्या ‘डेथ ऑफ अ हॉलो मॅन’मध्ये एका लहान शहरातली संस्था ‘अमेडियस’ करते. त्या नाटकात सालिएरी या पात्राने गळा कापून घ्यायचा प्रसंग आहे. वस्तऱ्याच्या पात्याला लावलेली चिकटपट्टी कुणीतरी काढून टाकलेली असते. प्रेक्षकांत इन्स्पेक्टर बार्नबी बसलेला असतो, कारण त्याची बायको संस्थेत काम करते. ही कथा पुढे ‘मिडसोमर मर्डर्स’ मालिकेत आली. जॅनिस हॅलेट यांच्या 2021 सालच्या ‘द अपील’मध्ये आर्थर मिलर यांचे ‘ऑल माय सन्स’ बसवणाऱ्या संस्थेची सगळी हकीकत सभासदांच्या ईमेलांतून आणि मोबाइलवरच्या निरोपांतून कळते. तालमीला कोण आले नाही, कुणाला मुख्य भूमिका मिळाली, एका सभासदाच्या आजारी नातीसाठी गोळा केलेल्या पैशाचे काय झाले हे सारे निरोपानिरोपांत. मार्श यांच्या समितीची बैठकच या निरोपांत चालू आहे.

रंगभूमीने स्वतःची थट्टाही करून घेतली. टॉम स्टॉपर्ड यांनी 1968 साली ‘द रिअल इन्स्पेक्टर हाउंड’मध्ये हवेली, धुके आणि प्रेत यांच्या ठरीव साच्याची टिंगल केली आणि नाटक पाहायला आलेल्या समीक्षकांनाच त्यात ओढले. 2012 साली लंडनमधल्या एका पबच्या वरच्या मजल्यावरील छोट्या नाट्यगृहात मिस्चीफ थिएटरने ‘द प्ले दॅट गोज राँग’ आणले. कॉर्नली पॉलिटेक्निकची हौशी नाट्यसंस्था 1920 च्या दशकातले खुनाचे नाटक करीत आहे, असे त्याचे कथानक. दार उघडत नाही, प्रेताच्या हातावर पाय पडतो, नायिका बेशुद्ध पडते आणि तिच्या जागी रंगमंच व्यवस्थापिका संहिता हातात घेऊन उभी राहते. शेवटी भिंतीही कोसळतात. गावच्या सभागृहात ज्याने कधी ‘दार डावीकडे’ सांभाळले असेल त्याला यातले बरेचसे ओळखीचे वाटावे. 2014 च्या सप्टेंबरात हे नाटक वेस्ट एंडच्या डचेस थिएटरात आले आणि पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट नव्या विनोदी नाटकाचे ऑलिव्हिए पारितोषिक मिळाले. ख्रिस्तींचे ‘द अनएक्स्पेक्टेड गेस्ट’ 1958 साली लंडनमध्ये प्रथम लागले ते याच डचेसमध्ये.